‘तुरुंग’च्या जागी ‘गर्दी’ : वासिल स्तूसच्या पत्रांचं प्रकरण

युक्रेनियन भाषेत तुरुंगाला ‘त्युर्मा’ म्हणतात. त्यातलं पहिलं व्यंजन गाळलं की उरतं ‘युर्मा’, म्हणजे गर्दी, जमाव. दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे आणि दोन्हींत जोर शेवटच्या अक्षरावर. कवितेच्या ओळीतून एक काढून दुसरा बसवला तरी चाल बिघडत नाही, यमकही टिकतं. मराठीत करून बघायचं तर ‘तुरुंग’च्या जागी ‘तरंग’ लिहावा. लघु, गुरू, लघु हा क्रम तोच राहतो, अर्थ मात्र पार वाहून जातो.

वासिल स्तूस हा युक्रेनियन कवी सत्तरच्या दशकात रशियातल्या मोर्दोव्हियामधल्या श्रमछावणीतून बायकोला पत्रं लिहायचा. त्या पत्रांतल्या कवितांत ‘त्युर्मा’ असेल तिथे तो ‘युर्मा’ लिहायचा. ‘उक्रायिना’ या नावाच्या जागी ‘बात्किव्श्चिना’, म्हणजे पितृभूमी. ‘कोल्यूची द्रित’ म्हणजे काटेरी तार, तिच्या जागी ‘बोल्यूची स्वित’, दुखरं जग. छावणीत त्याच्याबरोबर असलेल्या मिखाईल हेइफेत्सनं पुढे आठवणी लिहिल्या, त्यांत हे नमुने दिले आहेत. हेइफेत्स लेनिनग्राडचा. ब्रॉड्स्कीच्या हस्तलिखितातल्या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिली म्हणून १९७४ साली पकडला गेलेला. कविता माणसाला कुठवर पोचवू शकते, हे त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

स्तूसचं चरित्र इतरत्र वाचायला मिळतं, आणि त्यात हौतात्म्याचा सूर इतका मोठा लागतो की माणूस टेबलाशी बसून नेमकं काय करत होता ते ऐकूच येत नाही. इथे एकच परिस्थिती घ्यायची आहे. महिन्याला दोन पत्रं लिहायची मुभा, प्रत्येक पत्र आधी सरकार वाचणार, आणि आपलं सगळं लेखन बाहेर काढायला त्या पत्रांखेरीज भरवशाची वाट नाही. यातून त्यानं काय केलं, त्यातलं काय बचावलं आणि वाचवताना काय बिघडलं? मी पोटापाण्यासाठी अनुवाद करतो. त्यामुळे मला यातलं अनुवादाचं अंग अंमळ जास्त दिसत असेल, हे आधीच कबूल करून टाकतो.

माणूस कोण होता ते थोडक्यात. जन्म जानेवारी १९३८, विन्नित्सिया भागातल्या राख्निव्का गावी. आईबाप लवकरच दोनबासात गेले, त्यामुळे पोर वाढलं कोळशाच्या खाणींच्या शहरात, ज्याला तेव्हा स्तालिनो म्हणत आणि आज दोनेत्स्क म्हणतात. शिक्षण तिथेच. मग थोडी मास्तरकी, सैन्यातली नोकरी, पुन्हा मास्तरकी, वर्तमानपत्रात संपादन, आणि १९६३ साली कीव्हच्या साहित्य संस्थेत संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश. गाडी रुळावर होती. ४ सप्टेंबर १९६५ ला कीव्हच्या ‘उक्रायिना’ चित्रपटगृहात पाराजानोव्हच्या नव्या चित्रपटाचा खेळ होता. त्या उन्हाळ्यात युक्रेनमधल्या बुद्धिजीवींची धरपकड झाली होती. तिचा निषेध म्हणून जे विरोधात असतील त्यांनी उठून उभं राहावं, असं आवाहन तिथे झालं. ते करणाऱ्यांत स्तूस होता. दोन आठवड्यांत संस्थेतून नाव कमी झालं. मग बांधकामावर मजुरी, बॉयलरवर कोळसा घालणं, अशी मिळतील ती कामं. पहिला संग्रह, ‘हिवाळी झाडं’, १९७० साली निघाला तो ब्रसेल्समध्ये. देशात छापायला कुणी तयार नव्हतं. १२ जानेवारी १९७२ ला अटक, सप्टेंबरात शिक्षा: पाच वर्षं छावणी आणि वर तीन वर्षं हद्दपारी. घरी बायको वालेंतिना आणि पाच वर्षांचा मुलगा द्मित्रो.

आता खरा भाग सुरू होतो, आणि तो छावणीच्या आधीच, कीव्हच्या केजीबीच्या कोठडीत.

खटला उभा राहीपर्यंत जानेवारी ते सप्टेंबर असे जवळपास नऊ महिने तो त्या कोठडीत होता. तेवढ्या काळात एक अख्खी वही तयार झाली. तिचं नाव त्यानं दोन भाषांत ठेवलं, ‘चास त्वोरचोस्ति’ असं युक्रेनियनमध्ये आणि ‘दिख्तेन्सत्साइट’ असं जर्मनमध्ये. निर्मितीचा काळ, कविता करण्याचा काळ. चौकशी चालू असलेल्या कैद्यानं आपल्या वहीला हे नाव द्यावं यात थोडा तिरकसपणा आहे, पण बराचसा निव्वळ हिशेबही आहे: एवढी सलग फुरसत त्याला बाहेर कधी मिळाली नव्हती. वहीत त्याच्या स्वतःच्या कविता आहेत आणि त्यांच्या सोबतीला शंभराहून जास्त अनुवाद, सगळे जर्मन कवी ग्योटेचे. आपलं आणि ग्योटेचं एकाच वहीत.

ग्योटेच का? आवड होतीच. पण मला वाटतं, त्या जागेचाही त्यात वाटा होता. स्वतःची कविता रोज तीच भिंत बघून रोज त्याच शब्दांकडे ओढली जाते. अनुवादात दुसऱ्याचं वाक्य समोर असतं, ते मोडायचं नसतं, आणि कोठडीत जे मिळत नाही ते सगळं, म्हणजे बागा, प्रवास, प्रेमातले रुसवेफुगवे, त्या वाक्यात तयार असतं. त्याच काळातल्या एका कवितेत त्यानं एक शब्द घडवला, तो आता युक्रेनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे: ‘सामोसोबोयूनापोव्नेन्न्या’. जगणं म्हणजे हद्दी ओलांडणं नव्हे, ते म्हणजे सरावणं आणि स्वतःनं स्वतःला भरत जाणं, असा त्या ओळींचा आशय. तीन शब्द एकमेकांत घुसवून केलेला हा समास जर्मन वाचून-वाचून हाताला वळण पडलेल्या माणसाचा आहे, असं मला दर वेळी वाटतं.

मोर्दोव्हियात आल्यावर काम होतं दिवसभर हातमोजे शिवायचं आणि ठरलेला आकडा पुरा करायचा. झडत्यांत वह्या जप्त व्हायच्या. त्यामुळे कविता वहीत असणं म्हणजे ती शाबूत असणं नव्हे. कठोर राजवटीच्या छावणीत महिन्याला दोन पत्रांची परवानगी असे, आणि पत्र सेन्सॉरनं पास केलं तर ते कीव्हला वालेंतिनाच्या हाती पडायचं. तिच्याकडे पडलं की झडती घेणाऱ्याच्या हाताबाहेर, निदान छावणीतल्या.

इथे एक गंमत आहे, कडू असली तरी. छावणीतल्या सेन्सॉरला युक्रेनियन येत नसे. म्हणून हेइफेत्स सांगतो त्याप्रमाणे, युक्रेनियन पत्रं भाषांतरासाठी कीव्हला नेली जात आणि ती पुढे जाऊ द्यायची की नाही ते तिथेच ठरे. म्हणजे नवऱ्यानं कीव्हच्या पत्त्यावर लिहिलेलं पत्र खरोखरच कीव्हमध्ये पोचायचं, पण आधी भलत्याच टेबलावर. स्तूसचा पहिला वाचक कोण, या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की सरकारी भाषांतरकार. युक्रेनियन कवितेचा रशियन गोषवारा करून साहेबापुढे ठेवणारा कुणीतरी पगारी माणूस. त्याला एकेका शब्दाचं मूल्य कळण्याची गरज नव्हती. कागदावर कविता आहे का, आणि असली तर तिच्यात धोक्याचे शब्द किती, एवढं त्याला बघायचं होतं.

स्तूसनं बरोबर या दोन गोष्टी धरल्या. पहिली: कविता कवितेसारखी दिसू द्यायची नाही. ओळी न तोडता, मजकूर सलग, गद्य परिच्छेदासारखा लिहायचा. प्रकृती बरी आहे, पोरानं अभ्यास करावा, आणि मग परिच्छेदात बुडालेली कविता. वालेंतिनानं ती वाचताना कानानं ओळी तोडायच्या. दुसरी: धोक्याचे शब्द बदलायचे, पण असे की लय जागच्या जागी राहील.

ही दुसरी युक्ती जरा जवळून बघू. ‘उक्रायिना’: चार अक्षरं, जोर तिसऱ्यावर. ‘बात्किव्श्चिना’: चार अक्षरं, जोर तिसऱ्यावर, आणि शेवट तोच, ‘ना’. शिवाय सोव्हिएत कानाला पितृभूमी हा शब्द गोडच लागणार. कुठली पितृभूमी हे विचारायचं सेन्सॉरला सुचत नाही, कारण त्याच्या लेखी ती एकच असते. ‘कोल्यूची द्रित’ आणि ‘बोल्यूची स्वित’: पुन्हा चार-चार अक्षरं, जोर दुसऱ्यावर आणि चौथ्यावर, दोन्ही शब्दांचे शेवट जुळलेले. हे काम अनुवादकाचंच आहे. छंद राखायचा आणि त्यासाठी अर्थाला किती झळ बसू द्यायची ते ठरवायचं, हेच तो रिल्के या जर्मन भाषेतल्या कवीच्या ओळींबाबतही करत होता. फरक एवढाच की इथे मूळ कवी तोच होता आणि अनुवाद त्याच भाषेत करायचा होता, मुद्दाम वाईट.

कारण तो वाईट होता हे मान्य करायला हवं. हेइफेत्सही या पर्यायी शब्दांना विजोडच म्हणतो. काटेरी तार ही वस्तू आहे. तिला गंज चढतो, तिच्यात कपडा अडकतो, हिवाळ्यात तिच्यावर हिम साचतं. ‘दुखरं जग’ ही कुठल्याही कवीनं कुठल्याही संध्याकाळी लिहावी अशी ओळ आहे. सेन्सॉर दुःखाला अडवत नव्हता. दुःख कितीही असलं तरी चालत होतं, फक्त ते कशानं झालं त्या वस्तूचं नाव नको होतं. म्हणून पत्रांतून जी कविता निसटली ती आपल्या मूळ रूपापेक्षा जास्त धूसर, जास्त ‘काव्यमय’ होऊन निसटली. स्तूस तरुणपणापासून ज्याला चिडायचा ते हेच होतं. सत्तेशी जुळवून घेत स्वतःचा आवाज घालवून बसलेल्या पाव्लो तिचिना या थोर कवीवर त्यानं अटकेआधी एक मोठा निबंध लिहिला होता, आणि तोही त्याच्यावरच्या आरोपांत होता. तोच माणूस आता स्वतःच्या हातानं आपल्या ओळी बोथट करून लिफाफ्यात घालत होता. मुद्दल वाचावं म्हणून व्याज सोडतात, तसं.

अनुवादांची गोष्ट वेगळी होती. मोर्दोव्हियात ग्योटेची जागा रिल्केनं घेतली. ऑर्फियसवरची सुनीतं आणि दुइनोच्या विलापिका, म्हणजे रिल्केमधला सगळ्यात अवघड माल. विलापिका रिल्केनं १९१२ साली एड्रियाटिकच्या काठावरच्या एका सरदारी किल्ल्यात सुरू केल्या आणि १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या एका बुरुजवजा घरात पुऱ्या केल्या. दहा वर्षं, दोन्हीकडे कुणी त्रास देऊ नये अशी व्यवस्था. त्या कवितांचा युक्रेनियन अवतार बराकीत, हातमोज्यांचा आकडा पुरा करून उरलेल्या वेळात घडत होता. (रिल्के स्वतः १९०० साली युक्रेनमध्ये फिरून गेला होता, कीव्ह बघितलं, नीपर नदीतून कानिव्हला जाऊन युक्रेनचा राष्ट्रकवी शेव्हचेन्को याची समाधीही बघितली. तेव्हा हा सगळा मुलूख त्याला अगदीच अनोळखी नव्हता.)

अनुवादात शब्द बदलावे लागत नव्हते. देवदूत, मृत्यू, आक्रोश, एकटेपणा हे सगळं रिल्केच्या नावावर जमा होतं. जर्मन कवीनं म्हटलेलं आहे, मी फक्त इकडून तिकडे करतोय, ही कैद्याला मिळू शकणारी सगळ्यात प्रतिष्ठित ढाल होती. म्हणजे उलटाच प्रकार झाला: स्वतःच्या कवितेत त्याला दुसऱ्याचे शब्द घालावे लागत होते आणि दुसऱ्याच्या कवितेत तो स्वतःचे शब्द मोकळेपणानं वापरू शकत होता. ढाल अर्थात अभेद्य नव्हती. झडतीत वही गेली की स्तूसच्या कविता आणि रिल्केचे अनुवाद एकाच पिशवीत जात. जप्ती करणारा शिपाई ही निवड करत बसत नसे.

या कामात एक ओळ आपल्याकडून गेलेली आहे, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या किपलिंगची ‘इफ’ ही कविता स्तूसनं युक्रेनियनमध्ये आणली. आपल्याकडे ती शाळेच्या भिंतीवर चौकटीत लटकलेली असते आणि त्यामुळे कुणी वाचत नाही. किपलिंग सुरुवातीला म्हणतो, आजूबाजूचे सगळे डोकं गमावत असताना तू आपलं ठिकाणावर ठेवलंस तर. स्तूसच्या पहिल्या ओळीत डोकं नाहीच, तिथे ‘झालिझ्नी स्पोकिय’ आहे: लोखंडी शांतपणा. साम्राज्याच्या कवीची बापानं मुलाला सांगितलेली ही शिकवण वासिल स्तूसनं वापरली तेव्हा त्याचा स्वतःचा मुलगा बाप घरात नसताना वाढत होता. ‘लोखंडी’ हा शब्द किपलिंगला लागला नव्हता. स्तूसला का लागला हे सांगत बसायला नको.

१९७५ च्या डिसेंबरात त्याच्या पोटावर लेनिनग्राडच्या तुरुंग-रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, जठराचा मोठा भाग काढला. १९७७ साली छावणी संपली आणि हद्दपारी सुरू झाली: मागादान प्रांतातलं मात्रोसोवे, सोन्याच्या खाणीत काम. १९७९ च्या ऑगस्टात कीव्हला परत. बुटांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या युक्रेनियन हेलसिंकी गटात नाव घातलं, म्हणजे पुन्हा आत जाण्याची व्यवस्था जवळपास स्वतःच केली. १४ मे १९८० ला ती झाली. या दुसऱ्या खटल्यात पत्रांचं प्रकरण उलटं फिरलं. साखारोव्ह, ल्युक्यानेन्को, ग्रिगोरेन्को या सरकारविरोधकांना आणि कीव्हमधल्या मित्रांना लिहिलेली पत्रं थेट आरोपपत्रात आली. जे कविता वाचवायचं साधन होतं तेच पुराव्याचं बाड झालं. त्याला सरकारनं दिलेला वकील नको होता. तो नाकारूनही मिळाला. शिक्षा: दहा वर्षं विशेष राजवटीची, म्हणजे सगळ्यात कडक छावणी, पाच वर्षं हद्दपारी.

विशेष राजवटीत महिन्याला पत्र एकच. उरल पर्वतातलं कुचिनो, छावणी क्रमांक व्हीएस-३८९/३६. हे एका पत्राचं गणित मला या सगळ्या प्रकरणात निर्णायक वाटतं. मोर्दोव्हियात महिन्याला दोन पत्रं म्हणजे वर्षाला चोवीस, त्यात सलग लिहिलेल्या कविता आणि अनुवाद बसवता येत. कुचिनोत बारा, त्यांतली किती अडवली जातील ते सेन्सॉरच्या मर्जीवर. तिथून एकदा वेगळ्या मार्गानं काही बाहेर आलं: बारीक अक्षरांनी भरलेले पातळ कागदाचे कपटे, जे ‘छावणीच्या वहीतून’ या नावानं १९८३ साली परदेशात छापले गेले. ते गद्य आहे आणि त्यात एकही शब्द बदललेला नाही. छावणीला छावणी म्हटलंय, तारेला तार. त्याची किंमत त्यानं आत चुकवली.

आणि त्याच छावणीत तो एक संग्रह तयार करत होता, ‘प्ताख दुशी’, जिवाचा पक्षी. पत्रांत त्याचा उल्लेख आहे, नाव आहे, काम कसं चाललंय ते आहे. कविता नाहीत. या सुमाराच्या नव्या कविता आणि अनुवाद छावणीतच राहिले आणि आजवर हाती लागलेले नाहीत. युक्ती चुकली असं म्हणता येणार नाही. ती लिफाफ्यावर चालत होती आणि लिफाफेच उरले नव्हते.

१९८५ च्या ऑगस्टच्या अखेरीस त्याला पुन्हा एकांत कोठडीत टाकलं. फळीवर कोपर टेकून पुस्तक वाचत होता, हे नियमाविरुद्ध झालं, असं सहकैदी सांगतात. त्यानं उपोषण धरलं. ४ सप्टेंबरला, चित्रपटगृहातल्या त्या संध्याकाळनंतर बरोबर वीस वर्षांनी, तो त्या कोठडीत मेला. शिक्षेची मुदत संपेपर्यंत देह मिळणार नाही असं घरच्यांना सांगण्यात आलं. कबरीवर नाव नव्हतं, खांबाला ९ हा आकडा होता. १९८९ च्या नोव्हेंबरात तो आणि त्याचे दोन सहकैदी, ओलेक्सा तिखी आणि युरी लित्विन, यांना कीव्हला आणून बायकोव्ह दफनभूमीत पुन्हा पुरलं गेलं. नोबेलसाठी त्याचं नाव १९८५ साली गेलं होतं, हे युक्रेनमध्ये हमखास ऐकू येतं. नोबेलची दप्तरं पन्नास वर्षं बंद असतात, तेव्हा ज्यांना खात्री हवी त्यांनी थांबावं. मला त्याची तितकीशी उत्सुकता नाही.

उत्सुकता आहे ती संपादकांच्या टेबलाची. त्याचा मुख्य संग्रह ‘पालिम्प्सेस्टी’, जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिलेलं चामड्याचं पान, हे नाव त्यानंच दिलेलं. तो पुस्तकरूपानं आला १९८६ साली, परदेशात, त्याच्या मृत्यूनंतर. समग्र लेखन ल्विव्हहून १९९४ ते १९९९ या काळात निघालं. मुलगा द्मित्रो, आता साहित्याचा अभ्यासक झालेला, त्या कामात होता. त्यात कवितांचे खंड वेगळे, अनुवादांचा वेगळा, पत्रांचे वेगळे. पण मुळात हे तिन्ही एकाच कागदावर आलेले होते. एकच पान उचलायचं आणि ठरवायचं: इथपर्यंत बायकोची विचारपूस, इथून कविता, इथून रिल्के. सलग मजकुरातून ओळी पुन्हा तोडायच्या. एकाच कवितेची चार-चार रूपं समोर, कारण त्याला ओळी बदलत राहायची सवय, आणि पत्र पोचलं की नाही याचा भरवसा नसल्यानं तीच कविता पुन्हा पाठवायचीही सवय.

आणि मग मध्येच कुठेतरी ‘युर्मा’ येतो. आता हा बदललेला शब्द म्हणून ‘तुरुंग’ करायचा की राहू द्यायचा? दुसरं एखादं रूप हाती असलं, पत्राबाहेरचं, तर मिलान करता येतं. नसलं तर फक्त ओळ आणि कान. छंद मदत करत नाही, कारण दोन्ही शब्द छंदात बसावेत म्हणूनच निवडलेले. अर्थही दर वेळी मदत करत नाही. पन्नास माणसं एका बराकीत झोपतात, आणि तिथे लिहिलेल्या कवितेत गर्दी म्हणजे गर्दीच असू शकते.